खिडकीवरची खूण

१

पूल आमच्या घरापासून लांब होता तोवर सगळं बरं चाललं होतं.

मी सर्वेयर. चार मोठे रस्ते जिथे एकमेकांच्या अंगावर येतात तिथे एकावर एक पूल चढवायचं काम चाललं होतं, आणि प्रत्येक खांब, प्रत्येक वळण ठरल्या जागीच उभं राहतंय ना, हे बघायचं काम माझं. लोकांना वाटतं पूल इंजिनिअर बांधतो. बांधू दे बापडा. पण कुठे बांधायचा ते आम्ही दाखवतो. हे मी बायकोला पुष्कळदा सांगितलंय. दर वेळी ती "हो का" म्हणते आणि भाजी चिरत राहते.

त्यातला एक रॅम्प आमच्या इमारतीला जवळजवळ घासून जाणार होता, तोही तिसऱ्या मजल्याच्या बरोबरीनं. तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. आमच्या गॅलरीतून हात लांब केला तर पुलाचा कठडा लागणार नाही, पण काठी लागेल, इतकं जवळ. नकाशावर हे बघून घरी सांगितलं तेव्हा बायकोच्या कपाळाला आठी पडली. धूळ, आवाज, अंधार, तिनं सगळं मोजून दाखवलं.

मी म्हटलं, "अगं, फायदा पण बघ. पूल दाराशी आला की मी रोज चहाला घरी येत जाईन."

"याल तेव्हा खरं."

"रोज? शप्पथ?" ठकीनं विचारलं. ठकी आमची मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

पूल दाराशी आला. मी काही चहाला गेलो नाही. घर समोर दिसायचं, पण जायचं म्हणजे रॅम्प संपेपर्यंत उलटं चालायचं, खाली उतरून रस्ता ओलांडायचा, इमारतीला मागून फेरी मारायची आणि तीन मजले चढायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा. शिवाय चहाची वेळ हीच माझ्या मोजणीची वेळ. ऊन उतरलं की हवा स्थिर होते आणि लांबचं नीट दिसतं. कामापुढे चहा काय, असं मी म्हणायचो.

२

पुढच्या खांबांसाठी खोदताना आजूबाजूच्या इमारती सरकतात की काय, हे बघावं लागतं. त्यासाठी भिंतींवर बोटभर लांबीच्या चमकत्या पट्ट्या खुणेसाठी चिकटवतात. पुलावरून यंत्र पट्टीवर रोखलं की ते अंतर सांगतं. पहिल्या दिवशीचं अंतर म्हणजे शून्य. पुढे त्यात फरक पडला तर इमारत हलली. आमच्या इमारतीला पट्ट्या लावल्या तेव्हा त्यातली एक मी मुद्दाम माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली. तेवढंच घराकडे लक्ष.

यंत्राची दुर्बीण चांगली आहे. पट्टी बघताना मागचं स्वयंपाकघर दिसतं, त्याला मी काय करणार? मी डोकावत नव्हतो. टेबल दिसायचं, माझी खुर्ची पाठमोरी दिसायची, आणि बायको दिसायची. गॅलरीत ठकी असायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कामगाराला ती हात करायची, "पुलावरचे काका, टाटा!" मलाही करायची. पिवळ्या हेल्मेटखाली सगळे काका सारखेच.

एक गोष्ट मात्र खटकली. बायको पुलावरच्या माणसांना पाणी द्यायची. काठीला बाटली बांधून गॅलरीतून पलीकडे पोचवायची. पाणी द्यावं, पुण्याचं काम आहे, माझी काही हरकत नाही. पण हसून द्यायची. मला ती टेबलाकडे बोट दाखवते आणि म्हणते, "तिथे ठेवलंय."

रात्री जेवताना मी विचारलं, "सगळ्यांना हसून पाणी द्यायची काय गरज असते?"

"मग काय रडून देऊ?"

ठकी खो खो हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण सांगतो, मनात ते खुपत राहिलं. माझा स्वभावच तसा आहे. लग्नात फोटोवाल्यानं तिला "वहिनी, जरा हसा" म्हटलं आणि ती हसली, तेव्हापासून मी त्या फोटोवाल्याच्या दुकानावरून जात नाही.

३

मग एके दिवशी माझ्या खिडकीचं अंतर वाढलेलं आलं.

थोडंसंच, बोटाच्या रुंदीएवढं. मी वरच्या मजल्याची पट्टी बघितली, खालची बघितली, शेजाऱ्यांची बघितली. सगळ्या जागच्या जागी. मी यंत्र पुन्हा समतल केलं, काच पुसली, पुन्हा मोजलं. माझी खिडकी बोटभर मागेच होती.

पट्टी सुटली असेल, असं वाटून घरी गेल्यावर नखानं ओढून बघितली. घट्ट होती. दुसऱ्या दिवशी फरक दोन बोटं. आठवड्यानं वीतभर. यंत्र तपासायला पाठवलं, ते निर्दोष म्हणून परत आलं. दुसरं आणलं, तेही तेच म्हणालं. भिंत एक, विटा त्याच, आणि माझी एकट्याची खिडकी लांब लांब चाललेली. डोळ्यांना तर ती होती तिथेच दिसत होती. भिंत वीतभर आत गेली तर तडा जाईल, काच फुटेल, काहीतरी होईल की नाही? काही झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात मला तो दिसला.

मी पट्टीवर नेम धरत होतो. मागे माझ्या खुर्चीत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात निळा शर्ट. बायकोनं त्याच्यासमोर कप ठेवला आणि स्वतः समोर बसली. टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, हनुवटी तळव्यात धरून. माझ्यासमोर ती कधी अशी बसलेली नाही. माझ्यासमोर ती उभीच असते, काहीतरी आवरत. तो बोलत होता आणि ती ऐकत होती. मग ती हसली.

माझ्या पोटात जे झालं त्याला मत्सर म्हणतात, दुसरा शब्द नाही. मी नेम सोडला, डोळे पुसले, पुन्हा बघितलं. खुर्ची रिकामी होती आणि बायको कप विसळत होती.

४

त्या संध्याकाळी मी शक्य तितक्या सहज विचारलं, "आज कोण आलं होतं?"

"कोण येणार?"

"चहा टाकतेस?"

"आता परत? आत्ताच तर घेतलात की."

मी चहाला येत नाही म्हणून टोमणा मारतेय, असं मी धरलं. टोमणा होता तर चेहरा तसा हवा. तो तसा नव्हता. साधा होता.

ठकी माझ्या मांडीवर चढली. "बाबा, त्या उंटाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या उंटाचं?"

"दुपारी सांगत होतास ना तो. चष्मा हरवलेला उंट." तिनं कपाळावर हात मारला. "बाबा म्हणजे वेंधळाच आहे."

मला गोष्टी सांगता येत नाहीत. मला उंटाबद्दल एक अक्षर माहीत नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती. माझा संशय गेला साडूवर. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. पंखे दुरुस्त करतो, दुपारी मोकळा असतो आणि माणूस भलता गोष्टीवेल्हाळ. तो घरी आला की बायको पोट धरून हसते. पाठमोरा माझ्यासारखाच दिसतो, रुंद मान, थोडा वाकलेला डावा खांदा. मी मनात सगळं जुळवलं. मुलीला पढवलं असणार, बायको सामील असणार. रात्रभर मी साडूला वेगवेगळ्या कोर्टांत उभा केला.

५

सकाळी मी साडूला फोन केला, साइटवरच्या केबिनचा पंखा बिघडलाय, दुपारी चहाच्या वेळेला ये. बिचारा आला, पिशवी घेऊन. मी त्याला पुलावर यंत्राजवळ नेऊन उभा केला. आज चोर माझ्याशेजारी आहे, तेव्हा खुर्ची रिकामी असणार, असा माझा हिशेब.

मी दुर्बिणीला डोळा लावला. तो बसला होता. तोच निळा शर्ट. ठकी त्याच्या मांडीवर होती आणि त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती.

साडू माझ्या शेजारी शेंगदाण्याची पुडी सोडत होता. "पंखा इथे कुठे असतो रे, उघड्यावर?"

"बघ जरा," मी म्हटलं. "आमच्या घरात बघ."

"दुसऱ्याच्या घरात काय बघायचं," असं म्हणत त्यानं डोळा लावला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. सरळ झाला तेव्हा पुडी त्यानं तशीच मुठीत चुरगळली होती.

"कोण आहे?"

"पडदा आहे. काही दिसत नाही."

आमच्या स्वयंपाकघराला पडदा नाही.

मी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. दुर्बिणीतून बघत होतो. बायकोचा फोन टेबलावर उजळला. तिनं तो उचलला, नाव वाचलं, भुवया चढवल्या आणि समोरच्याला दाखवला. त्यानं फोन हातात घेतला. माझ्या कानात फोन कट झाला.

साडूनं पिशवी उचलली. जाता जाता थांबला. "तुला कोणी भाऊ आहे का रे?"

"नाही. माहितीये की तुला."

"हो. माहितीये." तो रॅम्पवरून भराभरा निघून गेला. केबिनकडे फिरकलाही नाही.

घरी बायकोनं आपणहून विषय काढला. "काय गंमत बघा, तुम्ही समोर बसलेले आणि तुमच्याच नंबरवरून फोन. तुम्ही म्हणालात ना, कंपनीचा घोळ असेल, तसंच असणार."

मी "हो" म्हटलं. ज्या माणसावर जळतोय तो मीच आहे, असं बायको शांतपणे सांगत होती. आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्यानं बरं वाटलं नाही. मी आणखी जळलो. म्हणजे माझंच तोंड, माझाच खांदा, आणि हसणं मात्र त्याच्या वाट्याला. साडू असता तर बरं झालं असतं. साडूला निदान दोन शिव्या देता आल्या असत्या.

६

दुसऱ्या दिवशी तो दिसताच मी यंत्र तसंच टाकून धावलो. रॅम्प उतरलो, रस्ता ओलांडला, फेरी मारली, जिना चढलो. जिन्यात कोणी भेटलं नाही. दार उघडं होतं. खुर्ची ऊबदार होती, कपात तळाशी थोडा चहा होता.

"काही विसरलात का?" बायको म्हणाली. "आत्ताच तर गेलात."

"कुठून गेलो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "असं काय करता? रोज जाता तसेच. गॅलरीतून."

मी गॅलरीत आलो. समोर पूल आणि पुलावर माझं एकटं उभं यंत्र. कठडा पूर्वी काठी लागेल इतक्या अंतरावर होता. आता मध्ये रिक्षा जाईल एवढी पोकळी वाटत होती. खाली बघितलं आणि डोळे गरगरले. इथून माणूस जाईल कसा?

सारखं एकाच पट्टीचं रडगाणं ऐकून साहेब वैतागले होते. साहेब म्हणजे साइटचे मुख्य. वाईट माणूस नाही, घाईत असतो. त्यांनी सगळे आकडे बघितले आणि म्हणाले, "बाकीची इमारत जागेवर आहे ना?"

"आहे."

"मग एकच खूण खोटं बोलतेय. तिच्या मागे कशाला लागतोस? आजचं अंतर हेच शून्य धर आणि पुढे चल."

असं करतात आमच्याकडे. एखादी खूण हट्टाला पेटली की तिच्याशी भांडत बसायचं नाही. ती आज जिथे आहे तीच तिची खरी जागा, असं मानायचं आणि तिथून नव्यानं मोजायचं. मी पूर्वी कितीदा तरी केलंय. मी नेम धरला आणि बटण दाबलं. यंत्रानं शून्य दाखवलं. त्यानंतर माझी खिडकी केसभरही हलली नाही.

घरात मात्र बदल झाला. बायको माझ्याशी फार नीट बोलायला लागली. "बसा ना," म्हणायची. मी आलो की उठून उभी राहायची. जेवायला वाढताना "आवडेल का तुम्हाला?" असं विचारायची. टोमणा नाही, आठी नाही. ठकी दाराआडून बघायची आणि मी बोलावलं की आईकडे पळायची. माझे घरातले कपडे खुंटीवर नव्हते. विचारलं तर बायको गोंधळली आणि म्हणाली, "ते त्यांचे... तुमचे धुवायला टाकलेत."

त्यांचे. मी ऐकलं आणि तसाच, बाहेरच्या कपड्यांत, जेवायला बसलो.

७

आता मला एवढंच दिसत होतं की तो पुलावरूनच येतो. जिन्यात कोणी नाही, दारातून कोणी नाही. पोकळी असो नाहीतर काही असो, त्याला जमतं. तर मग त्याची वाट बंद करायची.

पुलाच्या कडेला वाहनांचा आवाज अडवायला उंच पत्रे बसवणार होते. ते काम शेवटचं. मी साहेबांच्या मागे लागलो, आमच्या इमारतीसमोरचे आधी बसवू, लोकांच्या फार तक्रारी आहेत. साहेब म्हणाले, "तुझं घर आहे म्हणून ना?" मी म्हटलं, हो. खरंच होतं ते.

पत्रे आले. क्रेनवाला एकेक पत्रा उचलायचा आणि खाचेत सोडायचा, आणि खाच सरळ आहे का ते बघून हातानं इशारा द्यायचं काम माझं. मी मुद्दाम चहाच्या वेळेची वाट बघितली. तो आत बसलेला असताना वाट बंद झाली की तो अडकेल. मग मी निवांत जिना चढून जाईन, दार लावीन, आणि बघतो कुठे पळतो ते. इतकं साधं होतं. रागात माणसाला सगळं साधंच दिसतं.

एकेक करत पत्रे बसले. आमच्या खिडकीसमोरचा एकच बाकी राहिला, दारासारखी उभी फट. पत्रा वर साखळीला टांगलेला. मी फटीतून बघितलं. दुर्बिणीची गरज नव्हती.

तो खुर्चीत होता. बायको हनुवटी तळव्यात धरून बसली होती. या वेळी तो हळूहळू वळला, पाठ अवघडलेला माणूस वळतो तसा. मी तोंड पूर्ण बघितलं नाही. गाल आणि एक डोळा, एवढंच. त्या डोळ्यात राग नव्हता. तो माझ्याकडे काम तपासायला आलेल्या माणसासारखा बघत होता आणि त्यानं हात वर केला. इशारा मला ओळखीचा होता. सोडा, असा.

ठकी गॅलरीत आली. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. हेल्मेट माझ्या हातात होतं, चेहरा उघडा होता.

"पुलावरचे काका," ती म्हणाली, "टाटा."

"सोडू का?" क्रेनवाल्यानं वरून विचारलं.

माझाही हात वर झालेला होता. केव्हा झाला मला माहीत नाही. पत्रा खाली आला आणि खाचेत नीट बसला. कुठेही फट राहिली नाही. काम चांगलं झालं होतं.

८

मी धावलो. रॅम्प, रस्ता, फेरी, जिना. किल्ली लागली नाही. मी बेल वाजवली.

आतून पुरुषाचा आवाज आला, "कोण आहे गं?"

माझा आवाज मला फोनच्या रेकॉर्डिंगवरून ठाऊक आहे, चिरका आहे. हा तोच होता, पण शांत. घाईत नसलेला. मी कधी घाईत नसतो तर असाच बोललो असतो.

दार उघडलं. बायकोनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. धुळीनं भरलेले बूट, पिवळं जाकीट, दम लागलेला. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं, तिचं नाव जिभेवर होतं, आणि घशातून नुसती हवा आली.

"कोणी नाही हो," तिनं मागे वळून सांगितलं. "पुलावरचे आहेत. तहान लागली असेल. पत्रे बसले ना, आता काठी कशी पोचणार?"

ती आत गेली. दाराच्या फटीतून टेबलाचा कोपरा दिसत होता, त्यावर निळ्या बाहीचा एक हात, आणि त्या हाताशी ठकीचा हात. उंटाची गोष्ट चालली होती. चष्मा सापडला होता बहुतेक, कारण ठकी टाळ्या वाजवायला लागली. मलाही ऐकायची होती. मी कान दिला, पण नीट ऐकू आलं नाही.

बायको पेला घेऊन आली. स्टीलचा, काठाला चेपलेला, माझाच पेला.

"घ्या," ती म्हणाली. "फार उन्हाचं काम असतं तुमचं."

आणि ती हसली. इतक्या जवळून तिला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मी पाणी सावकाश प्यायलो, जितका वेळ पुरेल तितका. मग पेला परत दिला. तिनं दार लावून घेतलं.

आता मी रोज जातो, चहाच्या वेळेला. ती रोज पाणी देते, हसून. आत तो असतो. आणि मला त्याचा हेवा वाटतोच. पण परवा माझ्या आधी क्रेनवाला पाणी पिऊन गेला, आणि ती त्यालाही तशीच हसली, तेव्हा माझ्या पोटात पुन्हा तेच झालं.